पावणेदोनचा पाहुणा

तीर्थपुरीहून जालन्याला जाणाऱ्या एसटीत आप्पा एका जागेवर स्वतः बसतात आणि शेजारच्या जागेवर उपरणं टाकतात. कुणी बसायला आलं की म्हणतात, "पाव्हणे बसलेत." कंडक्टरनं एकदा विचारलं, "फुल का हाफ?" आप्पा गंभीरपणे म्हणाले, "वजन न्हाई त्याला. पण मधी उतरत बी न्हाई."

आप्पा म्हणजे माझे शेजारी, निवृत्त तलाठी. आमची भिंत एकच. अलीकडं माझं शिलाई मशीन, पलीकडं त्यांचं घर. जन्मभर बांध मोजून हा माणूस असा झालाय की वरणात मीठ कमी पडलं तरी म्हणणार, "समक्ष पाहणी केली. नोंद घ्या." इतका काटेकोर माणूस, पण दोन वर्षांपूर्वी पार उसवला. ते घनसावंगीला गेले असताना कौसाकाकू, त्यांची बायको, भरदिवसा घरात एकट्याच असताना वारल्या. आप्पांना परत येऊन दार तोडावं लागलं. काकू दाराशीच पडल्या होत्या, आतल्या कडीखाली.

नेमक्या किती वाजता गेल्या, कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी नव्या दाराची कडी आप्पांना ऐकू यायची ती रोज बरोबर पावणेदोनला. जाऊन बघावं तर कडी गप्प. मग आप्पा तेवढ्या वेळेला घर सोडून उन्हात फिरायला लागले. एकदा बाजारात चक्कर येऊन पडले. लेकीनं निक्षून सांगितलं, डॉक्टर गाठा, नाहीतर घर विका आणि माझ्याकडं चला. घर सोडायचं म्हटल्यावर आप्पांचं तोंड एवढंसं झालं. म्हणून जालन्याच्या समुपदेशक मॅडम.

मॅडमनी आधी वही दिली. मनात आलेलं लिहा, खरं कशावरून आणि खोटं कशावरून तेही लिहा. तलाठ्याच्या हातात वही दिल्यावर दुसरं काय होणार? आप्पांनी पंचनामा केला. पंच दोघं: मी आणि समोरचे रफीकभाई. 'आज रोजी पंचांनी समक्ष पाहणी केली असता कडी स्थिर असून घरात अन्य कोणीही आढळून आले नाही.' रफीकभाई म्हणाले, "बिलकुल सन्नाटा है, लिखो." त्यांनी सही केली, मीही केली. मलाही कडी ऐकू आली होती, ते मात्र मी सांगितलं नाही.

असे अकरा पंचनामे झाले. आप्पांचं उन्हात फिरणं थांबलं, पण म्हणाले, "डोक्याला पटलं. छातीला पटंना."

मग मॅडमनी लहानपणाचं विचारलं. आप्पा चिडून आले. "अहो, सातबारा आजचा, जुने फेरफार कशाला उकरायचे?" आठ दिवसांनी स्वतःच म्हणाले, "फेरफार बघितल्याबिगर सातबारा कळत न्हाई हे खरंय. आई गेली तवा बी मी घरी नव्हतो. शाळेत गेल्तो." एवढं बोलून तुळशीला पाणी घालायला उठले. त्या दिवशी दोनदा घातलं.

तिसऱ्यांदा मॅडम म्हणाल्या, भीती आली की हाकलू नका, पळूही नका. पाहुणा समजा. बसेल आणि जाईल. मॅडमचं बरोबर असेल, पण आमच्याकडं पाहुणा नुसता बसतो का? आप्पांनी खुर्ची मांडली, तांब्याभांडं ठेवलं, चहा टाकला. भिंतीतून मला ऐकू यायचं, "घ्या, गार होतोय." मी फटकळ बाई, पण त्या रिकाम्या खुर्चीपुढं माझीही जीभ चालायची नाही. लेकीला मात्र त्यांनी कळवलं, घर विकायचं न्हाई, पाव्हणे येतात.

गेल्या सोमवारी दुपारी आप्पा घराला कुलूप लावून माझ्या दारात. हातात किटली आणि तीन कप.

"आज पाव्हणा तुमच्याकडं घेऊन आलो, सुमनबाई."

"माझ्याकडं कशाला ही ब्याद?"

"रोज पावणेदोनला तुमचं मशीन बंद पडतं. दोन वर्षं ऐकून राह्यलो. मशीन थांबलं की मंग मला कडी ऐकू येती."

मी हातातली कात्री खाली ठेवली. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. काकू गेल्या त्या दुपारी कडी खडखडली होती. दोनदा, तीनदा. मशीनवर गिऱ्हाइकाचं ब्लाउज होतं. मी मशीन थांबवलं, घड्याळात पावणेदोन बघितले आणि म्हटलं, काकूंची कडी अडकली असंल, एवढी बाही लावते आणि जाते. तेवढ्यात आवाज थांबला. मी गेले नाही. तेव्हापासून रोज त्या वेळेला माझा पाय मशीनवरून आपोआप उचलला जातो.

सगळं बोलून टाकलं. आप्पांनी ऐकता ऐकता दोन कप भरले.

"पहिल्या पंचनाम्यावर सही करताना तुम्ही कडीकडं बघितलंच न्हाई, तवाच समजलं," ते म्हणाले.

"मग विचारलं का नाही?"

"दुसऱ्याचं दार आपण तोडायचं न्हाई. मी एकदा तोडलंय."

मी पदर तोंडाशी धरला. "लिहा आप्पा. मी ऐकलं होतं, गेले नाही. घ्या नोंद."

खिशातल्या पेनाकडं त्यांचा हात सवयीनं गेला, आणि परत आला. "ह्याची नोंद न्हाई घ्यायची," ते म्हणाले. "चहा घ्या."

एवढ्यात पलीकडं, कुलूपबंद घरात, कडी वाजली. दोघांनीही ऐकली. आप्पांनी तिसरा कप भरून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. मशीनवर आजही एका ब्लाउजाची बाही लावायची राहिली होती. मी ती बाजूला सारली आणि बसून राहिले.