बर्फातले बांगडे

"दत्तप्रसाद, उद्यापासून तू स्की इन्स्ट्रक्टर," निलेश सर म्हणाले आणि पुन्हा मोबाइलमध्ये बघू लागले.

दत्तप्रसाद तीन दिवसांपूर्वीच शिरोड्याजवळच्या 'हिमसफर स्नो पार्क'मध्ये हंगामी कामाला लागला होता, तोही पार्किंगमध्ये शिट्टी मारायला. गावी, इन्सुलीला, भात झोडून झालं होतं, काजू यायला दोन महिने होते, म्हणून आला. बर्फ त्याने आजवर सरबतात आणि माशांच्या टोपलीत तेवढा पाहिला होता.

"पण सर, मला स्की येत नाही."

"पर्यटकांना कुठे येतं? तू फक्त आत्मविश्वासाने पड."

दोन दिवस दत्तप्रसाद आत्मविश्वासाने पडला. तिसऱ्या दिवशी उभा राहिला. तोवर त्याच्या बायकोने, किशोरीने, सगळ्या इन्सुलीत सांगून टाकलं होतं, "आमचे बर्फाच्या डोंगरार मास्तर आसत." डोंगर म्हणजे पत्र्याच्या शेडमधला वीस फुटांचा उतार. त्यावरचा बर्फ मशीनमधून पडायचा.

निलेश सर पुण्याहून आलेले मॅनेजर. त्यांना रोज सकाळी एक कल्पना सुचे. त्या आठवड्यात सुचली ती अशी : बर्फ रस्त्यावरून दिसला पाहिजे, सबब शेडचं मोठं दार दिवसभर उघडं ठेवायचं.

"अहो सर, थंडी सगळी भायर जातली ना!" जॅकेटं वाटणारी मथुराकाकी म्हणाली.

"काकी, याला मार्केटिंग म्हणतात."

डिसेंबरचं ऊन आत येऊन आरामात बसलं. मशीन दोन दिवस कण्हलं आणि शनिवारी दुपारी दोनला गपकन बंद पडलं. दुरुस्तीवाला पुण्याहून येणार सोमवारी. चाळीस लोकांचं बुकिंग झालेलं, आणि चार वाजता पार्कचे मालक तोरसकर साहेब मुंबईहून पाहुणे घेऊन येणार होते. उतारावरून पाण्याचा ओहोळ वाहू लागला.

"बर्फ आण. कुठूनही आण," सर दत्तप्रसादवर ओरडले. "चार वाजता बर्फ दिसला नाही, तर उद्या तू दिसू नकोस."

काम गेलं तर गेलं, पण इन्सुलीत कुठलं तोंड घेऊन जायचं? त्याने महादूला फोन लावला. महादू टेम्पोतून मासेमारीच्या होड्यांना बर्फ पोचवायचा.

"महादू, बर्फ गावतलो?"

"किती व्हयो?"

"टेम्पोभर. आत्ताच्या आत्ता."

महादूने आवाज एकदम हलका केला, "कोण गेलो रे? मढा ठेवचा आसा काय? मुंबैसून कोण येवचो आसा?"

"कोण जाऊक नाय! मीच जातलंय, तू येवक नाय तर!"

साडेतीनला महादूचा टेम्पो आला. कारखान्यात जायला वेळ नव्हता, म्हणून तो धक्क्यावर ज्यात मासे रचून ठेवले होते तोच बर्फ घमेल्यांनी भरून घेऊन आला होता. सगळ्यांनी फावडी घेतली आणि पंधरा मिनिटांत डोंगर पांढराशुभ्र केला.

मग वास आला. निलेश सरांनी गुलाबाच्या सुगंधाच्या तीन बाटल्या फवारून रिकाम्या केल्या. त्याने बांगड्याचा वास गेला नाही. गुलाब आणि बांगडा एकत्र नांदू लागले.

चारला लोक आत आले. कोल्हापूरची एक लहान मुलगी पहिलीच घसरली, बर्फात बुडाली आणि उठली ती हात वर करून.

"पप्पा, मासा!"

सगळे इन्स्ट्रक्टरकडे बघू लागले. दत्तप्रसादच्या तोंडून काहीतरी निघायचं म्हणून निघालं, "ज्याला सापडेल, त्याचा!"

पुढच्याच क्षणी स्की हवेत उडाल्या. चाळीस माणसं गुडघ्यांवर बसून बर्फ उकरू लागली. त्या मुलीच्या आजीने लोकरीच्या टोपीत सहा बांगडे गोळा केले. मथुराकाकी पिशव्या पुरवू लागली. उघड्या दारातून गावातली मांजरं आली. आणि त्यांच्या मागोमाग तोरसकर साहेब.

"सर, हे सगळं या दत्तप्रसादने..." निलेश सर धावत पुढे झाले.

पण साहेब हसून हसून डोळे पुसत होते. "अहो, पार्क उघडल्यापासून इतकी धमाल मी इथे बघितली नाही! कोणाची कल्पना?"

"...माझ्या सांगण्यावरून केलं," निलेश सरांनी वाक्य तिथल्या तिथे वळवलं. "कल्पना माझीच."

दत्तप्रसादने तोंड उघडलं. मथुराकाकीने त्याच्या पायावर पाय दिला. "गप रव," ती पुटपुटली. "पुढे काय जाता ता बघ."

"वा!" साहेबांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. "मग सीझनभर रोज करायचं. पण दुसऱ्या कोणावर सोडू नका हां. कल्पना तुमची, हातही तुमचे. पहाटे पाचला धक्क्यावर जायचं, ताजे बांगडे स्वतः निवडायचे, स्वतः पुरायचे."

निलेश सरांनी जन्मात मासा हातात धरला नव्हता. कामगारांच्या जेवणात बांगडा असला, की ते डबा घेऊन गाडीत जाऊन बसत. त्यांचा चेहरा उतारासारखाच पांढरा पडला.

रविवारी सकाळी ते दोन-दोन हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून उतारावर गुडघे टेकून बसले होते. दत्तप्रसाद हातात स्की घेऊन अदबीने बाजूला उभा होता. मदत करायला साहेबांची परवानगी नव्हती.

"सर," काउंटरवरून मथुराकाकीने हाक मारली, "त्या तिसऱ्याची शेपटी भायर रवली. आणि पाठसून मांजर येता हा."

सरांनी दात-ओठ खात बांगडा आणखी खोल दाबला. मांजर त्यांच्यामागे येऊन शांतपणे बसलं. त्याला काही घाई नव्हती. सीझन मेपर्यंत होता.