चालक जागेवर आहे

कोणत्याही सुजाण नागरिकाप्रमाणे छोटीच्या आईने बिघडलेली गाडी गॅरेजमध्ये टाकली. गिअरबॉक्स उतरवला गेला, नवा मागवला गेला, आणि तिथेच गाडीचा गॅरेजमधला मुक्काम संपला. त्या गॅरेजची रीतच तशी होती. ज्या गाडीचं काम चालू, ती छपराखाली. जिचं काम अडलं, ती ढकलत समोरच्या रस्त्यावर, 'नो पार्किंग'च्या पाटीखाली. पाटीच्या खांबाला हात पुसायची फडकी टांगलेली असत, त्यामुळे पाटी अगदीच निरुपयोगी होती असं कुणी म्हणू शकलं नसतं.

छोटीची आई जात्याच काळजीखोर. येताजाता ती गाडीवर नजर टाकी आणि पुढेमागे पुरावा हवा म्हणून फोटोही काढी. मग मोबाइलवर चलानं येऊ लागली. शेवटच्या चलानाखाली एक ओळ होती: पुन्हा नियमभंग झाल्यास परवाना निलंबित. पाळणाघर शहराच्या एका टोकाला, ऑफिस दुसऱ्या, आणि गाडी येईपर्यंत सगळी धावपळ स्कूटरवर. परवान्यामागोमाग नोकरीही जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"काका, चलानं माझ्या नावावर येतायत!"

"मग काय माझ्या नावावर येणार, वहिनी?" गॅरेजवाले काका बोनेटमधून डोकं बाहेर न काढताच म्हणाले. "गाडी तुमची."

"पण रस्त्यावर तुम्ही नेलीत ना?"

"आम्ही नुसती ढकलली. ढकलणाऱ्याला चलान झालेलं मी तरी बघितलं नाही."

ती वाहतूक शाखेत गेली. तिथले साहेब सज्जन होते. त्यांनी बसायला खुर्ची दिली.

"साहेब, गाडी गॅरेजच्या ताब्यात होती. हे बघा फोटो."

साहेबांनी सगळे फोटो मन लावून पाहिले. "म्हणजे गाडी नो पार्किंगमध्ये आहे हे तुम्हाला रोज दिसत होतं."

"दिसत होतं म्हणजे... मी लक्ष ठेवून होते."

"तेच म्हणतोय मी. देखरेख तुमची, म्हणजे ताबाही तुमचाच."

"अहो, पण ती हलणार कशी? गिअरबॉक्सच नाहीये तिच्यात!"

साहेबांनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "हे लेखी देऊ नका, ताई. नादुरुस्त वाहन रस्त्यावर ठेवणं, त्याला वेगळं कलम आहे."

"मग मी करू तरी काय?"

साहेबांना खरोखरच वाईट वाटलं. "चालक जागेवर असेल तर आम्ही ते पार्किंग धरत नाही. थांबलेलं वाहन धरतो. थांबा की खुशाल!"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती स्टिअरिंगमागे जाऊन बसली. पट्टा लावला. छोटीला मागच्या सीटवर बांधलं.

"आई, गाडी कधी जाणार?"

"जाणार नाही गं, राणी."

"मग पट्टा कशाला?"

"नियम आहे."

कॅमेरेवाला हवालदार आला, काचेतून वाकून बघितलं, समाधानाने मान डोलावली आणि पुढच्या स्कूटरकडे वळला. व्यवस्था काम करत होती.

काका तर हरखूनच गेले. त्यांनी आणखी एक अडलेली गाडी तिच्या मागे आणून लावली. "वहिनी, घरात परवानावालं कुणी मोकळं आहे का हो?" सासरे निवृत्त होते. ते वर्तमानपत्र घेऊन मागच्या गाडीत बसू लागले आणि आयुष्यात प्रथमच वेळेवर जेवायचा डबा मिळतो म्हणून खूश झाले. पुढच्या आठवड्यात वाहतूक शाखेच्या साहेबांचीच गाडी दुरुस्तीला आली आणि काम अडून त्याच रांगेत लागली. खिडकीशी वाकून त्यांनी हळूच विचारलं, "ताई, सासरे एकच आहेत का?"

गिअरबॉक्स अजून आलेला नाही. रजा संपत आली आहे. दिवसभर येणारेजाणारे तिच्या शेजारी गाडी हळू करतात, काच खाली घेतात. बाई इथे का बसलीय, हे कुणी विचारत नाही. पाटीकडे कुणी बघत नाही. सगळे एवढंच म्हणतात, "निघताय का?"

परवा तुम्हीही विचारलंत. तिने नाही म्हणून मान हलवली तेव्हा तुम्ही हॉर्न मारलात, पुढे गेलात आणि शेजारच्या दवाखान्याच्या फाटकासमोर गाडी लावून, दोनच मिनिटांचं काम आहे, असं स्वतःशी म्हणत उतरलात.

तिने सवयीने फोटो काढला. नंबरप्लेटसकट.

मागून छोटीने मान उंचावून पाहिलं. "आई, त्यांच्या गाडीलापण गिअरबॉक्स नाहीये?"