सुरू न होणारी गाडी

जुनी गाडी घ्यायला गेलेला माणूस ती सुरू होते का ते बघतो. आमचे दामूकाका ती सुरू होत नाही ना, ते बघतात. आणि खरोखरच नाही झाली, तर त्यांचा चेहरा असा फुलतो की गाडीचा मालक आधी गाडीकडे आणि मग काकांच्या डोक्याकडे संशयाने बघायला लागतो.

दामूकाका राऊत म्हणजे आमच्या सौ.च्या मावशीचे यजमान. मुक्काम नंदाखाल. घराभोवती केळी-नारळाची वाडी, मागे विहीर, आणि ओटीवर भिंतीला एक दणकट खिळा. घरातल्या सगळ्या चाव्या त्या खिळ्यावर. मावशी गेली, आता घरात माणूस एकच, पण चाव्या एका चाळीला पुरतील इतक्या. उभी नोकरी त्यांनी फोर्टमधल्या एका विमा कंपनीत केली, आणि तीही चोरीला गेलेल्या गाड्यांच्या टेबलावर. लोक रडत यायचे, काका कागद मागायचे. निवृत्त झाल्यावर टेबल सुटलं, मागणं सुटलं नाही. "मान्य आहे का?" हा त्यांचा प्रश्न. रिक्षाचं मीटर असो, गॅसची नळी असो, नात्यातल्या मुलीला सांगून आलेलं स्थळ असो, "ते ठीक आहे हो, पण मान्य आहे का?" अर्नाळ्याच्या बाजारात एकदा त्यांनी बोंबलांबद्दलही तेच विचारलं. कोळीणबाई म्हणाली, "मान्यता कोन देनार, काका? घरी न्या, तळा, खा, नि उद्या येऊन तुमीच देऊन जा."

काकांना गाडी चालवता येत नाही, हेही इथेच सांगून टाकतो. क्लच कुठल्या पायाखाली असतो हे त्यांना आजही ठामपणे सांगता येणार नाही. तरी आगाशीपासून विरारपर्यंत कोणी जुनी गाडी घ्यायला निघालं, की आधी काकांना उचलून न्यायची पद्धत पडून गेली होती. ही मोबाइल नुकते खिशात येऊ लागलेल्या दिवसांतली गोष्ट.

आम्ही त्या वेळी गाडीच्या मागे लागलो ते हौसेने नव्हे. न्हाणीघरात पाय घसरून आईच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. पुढचा व्यायाम वसईला एका बाईंकडे, आठवड्यातून तीनदा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "रिक्षातून आणू नका, गचके बसतील. पण आणा. आत्ताच्या महिन्यात पाय हलला नाही, तर आखडेल तो कायमचा." भाड्याची गाडी कधी मिळायची, कधी ऐन वेळी फोन बंद करायची. ज्या दिवशी मिळत नसे, त्या दिवशी आई तयार होऊन, वेणी घालून, पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहायची, आणि दुपार झाली की काही न बोलता पर्स कपाटात ठेवायची. मला तिच्या रागावण्याची सवय आहे. या गप्प बसण्याची नव्हती.

तेव्हा गाडी घ्यायची ठरली. जुनी, कारण नवी घेणारा माणूस असा लेख लिहीत बसत नाही. सौ. म्हणाली, "काकांना घेऊन जा. आणि काकांना काही बोलायचं नाही." दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं होतं.

पहिली गाडी वसईत बघितली. विकणारा तरुण उत्साही होता. "अंकल, एक नंबर गाडी आहे. हाफ सेल्फमध्ये स्टार्ट!" त्याने चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली. मी खूश.

काका म्हणाले, "ते दिसलं. आता बंद करा." मग त्यांनी पिशवीतून पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद काढला, त्याचा तुकडा फाडला, चावीचं डोकं नीट गुंडाळलं आणि चावी मला दिली. "आता फिरवा, जावईबापू."

मी फिरवली. गाडी पुन्हा सुरू झाली.

काकांनी असा उसासा सोडला, जसं काही कोणी आपलं माणूस गेलं. "चला."

"अहो, सुरू झाली की!"

"तेच तर वाईट झालं."

मग परतीच्या रिक्षात त्यांनी मला समजावलं. बऱ्या गाडीच्या चावीत एक चिप असते. गाडी ती चिप ओळखते, आणि ओळखली तरच इंजिन चालू होऊ देते. तशीच दुसरी चावी बाहेरून कापून आणली, तर ती कुलपात फिरेल, पण इंजिन हलणार नाही. पोळीच्या कागदात गुंडाळलं की चिप झाकली जाते. तरीही गाडी चालू झाली, म्हणजे तिला मालकही चालतो आणि चोरही चालतो. याला म्हणायचं इमोबिलायझर. आणि तो विमा कंपनीने मान्य केलेला हवा. म्हणजे हप्त्यात थोडी सवलत मिळते, आणि गाडी गेलीच तर टेबलावरचा माणूस कमी छळतो.

"तो टेबलावरचा माणूस मीच होतो," काका म्हणाले. "मला माहितीय ना मी किती छळायचो."

"पण त्याच्या गाडीला अलार्म होता, काका. केवढा वाजत होता."

"भोंगा तो. बाजारातून आणून बसवलेला. चोर गाडी घेऊन गेला, एवढंच तो गल्लीला कळवणार."

दुसरी गाडी नालासोपाऱ्याची. पोळीचा कागद लावला आणि गाडी अडून बसली. काकांनी टाळी वाजवली, मालक घाबरला. डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा एक लाल दिवा मिचमिचत होता, तो काका मला नातवंड दाखवावं तसा दाखवत होते. कागद मागितले, कागद निघाले. विम्याच्या पॉलिसीत चोरीविरोधी यंत्राची सवलत लिहिलेली. मी खिशातलं पेन काढलं.

"दुसरी चावी?" काका म्हणाले.

"ती हरवली ना, काका. बऱ्याच वर्षांपूर्वी. एकीवर काम भागतं."

"हरवली म्हणजे कोणाला तरी सापडली." काका उठले. "चला, जावईबापू."

त्या दिवशी मी घरी येऊन पहिल्यांदा तोंड उघडलं. काकांसमोर नाही, बायकोसमोर. ती म्हणाली, "बोलायचं नाही म्हटलं होतं ना?" आतून आईचा आवाज आला. "मला नुसतं गाडीत बसून व्यायामाला जायचंय रे. चोराची सोय नंतर बघा." बोलली हे बरं वाटलं. पण तिची पर्स त्या दिवशीही मांडीवरच होती.

काकांना हे मी सांगितलं नाही, सौ.ने सांगितलं असणार. कारण दुसऱ्या दिवशी सकाळीच ते केळीचा घड घेऊन आमच्या दारात. आईसमोर स्टूल ओढून बसले. "विहीणबाई, माझ्यामुळे तुमचं अडलंय, कळतंय मला. या आठवड्यात नाही मिळाली, तर मी वसईपर्यंत तुम्हाला पालखीतून नेतो."

"तुम्ही नेणार?" आई म्हणाली. "तुम्हाला आधी कोणीतरी न्यायला हवं."

काका मनापासून हसले, आणि त्याच दिवसापासून त्यांनी आगाशी-निर्मळचा सगळा भाग पालथा घातला. उन्हातान्हात, सायकलीवरून. ज्या घरासमोर गाडी दिसेल, त्या घराची बेल. "विकायची आहे का? नाही? बरं, दुसरी चावी आहे ना तुमच्याकडे? सांभाळा." अशी शेवटी एका डॉक्टरीणबाईंची गाडी त्यांनी शोधून काढली. चिप होती, कागद होते, दोन्ही चाव्या होत्या. काकांनी दोन्ही चाव्या आळीपाळीने गुंडाळल्या. गाडी दोन्ही वेळा मेल्यासारखी पडून राहिली.

"मान्य!" काका म्हणाले. हा शब्द प्रश्नचिन्हाशिवाय मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

गाडी घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा आणि लगेच आईला घेऊन वसई, असा बेत. काकांनी चावीला घालायला चामड्याचं एक छोटं पाकीट भेट दिलं. सोसायटीच्या दोघांनी आईला खुर्चीसकट उचलून खाली आणलं आणि पुढच्या सीटवर बसवलं. गाडीला हार, हळद-कुंकू, चाकांखाली लिंबं. नारळ फुटला. सगळी सोसायटी गॅलरीतून बघत होती. मी चावी फिरवली.

इंजिन घरघरलं आणि गप्प. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. लाल दिवा मिचमिचायला लागला.

"ढकलायची का?" कोणीतरी वरून ओरडलं.

मी आईकडे बघितलं. तिने पर्स हळूच घट्ट धरली. तिला वाटलं असणार, आजही दुपार होणार. आणि खिडकीशी दामूकाका आनंदाने उडत होते. "चालत नाही! बघा, चालत नाही! अस्सल आहे माल!"

"काका, अहो, आईला न्यायचंय!"

"हो की." काका भानावर आले. "दुसरी चावी आणा."

सौ. वर पळाली, दुसरी चावी घेऊन आली. ती फिरवली आणि गाडी अशी सुरू झाली, जशी काही वाटच बघत होती. गॅलऱ्यांमधून टाळ्या. आईने पहिली चावी हातात घेतली, चामड्याच्या पाकिटात बोट घातलं आणि चंदेरी कागदाचा चोळामोळा बाहेर काढला. "हा माझ्या पोळ्यांच्या डब्यातला ना रे?"

होता. रात्री हौसेने मीच एकदा तपासून पाहिलं होतं, आणि गुंडाळलेल्या चावीवरच पाकीट चढवून झोपलो होतो. हा किस्सा आमच्या सोसायटीत अजून सांगितला जातो. गणपतीत तर हमखास.

वसईच्या वाटेवर मागच्या सीटवरून काका मला म्हणाले, "आता कळलं ना? आणि ही दुसरी चावी घरात ठेवायची नाही. घर फुटलं तर दोन्ही जातात. घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे ठेवायची."

"तुमची कोणाकडे असते?" मी गमतीने विचारलं. काकांकडे गाडी आहे, हे मला माहीतच नव्हतं.

"आहे एकीकडे," काका म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

आईचा पाय सुटला. आधी वॉकर, मग काठी, मग नुसता माझा हात. ज्या रविवारी ती पहिल्यांदा काठी घरी ठेवून निघाली, तेव्हा म्हणाली, "आधी नंदाखालला. त्यांना चालून दाखवायचंय."

काका वाडीच्या मागच्या बाजूला होते. तिथे केळीच्या आडोशाला एक गाडी उभी होती. जुनी गोधडी बाजूला घडी घालून ठेवलेली, काच लख्ख पुसलेली. वरच्या माडावरचे नारळ कोवळेच उतरवलेले, एखादा टपावर पडू नये म्हणून. काका आत स्टिअरिंगसमोर बसले होते. त्यांनी चावीला कागद गुंडाळला आणि फिरवली. गाडी सुरू झाली नाही. त्यांनी मान डोलावली, कागद काढला, पुन्हा फिरवली. इंजिन चालू झालं. ते थोडा वेळ तसेच बसून राहिले, कुठेच न जाणाऱ्या गाडीत. मग बंद केलं.

"शुभाची गाडी," सौ. हळूच म्हणाली. शुभा म्हणजे तिची मावसबहीण, काकांची एकुलती एक मुलगी; ती लग्न करून न्यूझीलंडला गेली, एवढंच मला ठाऊक होतं. "मावशी गेल्यावर घेतली होती तिने. रोज संध्याकाळी काकांना राजोडीला समुद्रावर न्यायची. दुसरी चावी तिच्याकडे आहे. जाताना काकांनीच दिली. आलीस की विमानतळावरून थेट ये आणि गाडी काढ, म्हणाले."

"मग तू मला कधी सांगितलं का नाहीस?"

"तू कधी विचारलंस?"

तेवढ्यात ओटीवरचा फोन वाजला. काका आमच्या अंगावरून धावत गेले. आम्ही मागोमाग ओटीवर पोचलो, तेव्हा ते ताठ उभे राहून बोलत होते. "हो. हो, जेवतो. पाऊस? नाही, ऊन आहे. बरं, चावी आहे ना?" पलीकडून उत्तर आलं असावं. "पर्समध्येच ना? बघ, हात लावून बघ." रिसीव्हर कानाशी घट्ट दाबून ते थांबले. "मग ठीक," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

वळले तर समोर आई उभी. काठीशिवाय. काकांनी तिच्या पायांकडे बघितलं, मग रिकाम्या हातांकडे. "वा, विहीणबाई!" एवढंच म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

आईने पर्स उघडली. ती पर्स. त्यातून आमच्या गाडीची दुसरी चावी काढली आणि त्यांच्यापुढे धरली. "ही तुमच्याकडे ठेवा."

"माझ्याकडे?" काका एक पाऊल मागे सरले. "अहो, मी एकटा म्हातारा. गाडीसुद्धा चालवता येत नाही मला. जावईबापूंना विचारा, त्यांना..."

"मला मान्य आहे," आई म्हणाली.

काकांनी चावी दोन्ही हातांनी घेतली. खिळ्यावरच्या जुडग्यातली एक चावी सरकवली, आमची तिच्याशेजारी अडकवली, मग हलवून बघितली, पडत नाही ना म्हणून.

तेव्हापासून दर रविवारी, ऑकलंडचा फोन होऊन गेला की आमच्याकडे फोन वाजतो. नमस्कार नाही, चौकशी नाही.

"जावईबापू, तुमची चावी आहे हो माझ्याकडे."

"हात लावून बघितलीत?"

"आत्ता बघितली."

"मग ठीक," मी म्हणतो.