कर्ली उलटी वाहिली त्या स्वारीची कैफियत

श्री भगवती धामापूरवासिनी इचे चरणी मस्तक ठेवून, शके १८८० विलंबीनाम संवत्सरी, पौष वद्य प्रतिपदा रविवारी कर्ली नदीवर जो प्रसंग गुदरला त्याची कैफियत लिहिली जाते ऐसी जे: सदरहू स्वारीविषयी मालवणच्या मासळी बाजारात नाना प्रकारचे वर्तमान उठले, कोणी म्हणे तराफा बुडाला, कोणी म्हणे मुंबईचे पाहुणे सुसरीने नेले, आणि येणेकरून घराण्याची इभ्रत टोपलीच्या भावाने विकली जाऊ लागली. सबब सौभाग्यवती सावित्रीबाईसाहेब यांची आज्ञा जाहली की खरे ते लिहावे, आणि नवऱ्याचे चुकले ते गाळू नये.

सावित्रीबाईंचे यजमान राजमान्य राजश्री गुरुदासभाई मालवणच्या कचेरीत कारकुनी करीत. वंश मूळ जामसंड्याचा. मर्दाने सात-बाराच्या उताऱ्यांत वीस वर्षे तलवार गाजविली होती, परंतु पाण्याशी संबंध म्हणाल तर आंघोळीपुरता. त्यांचे मनी मसलत उभी राहिली की थंडीचे दिवसांत मुंबईहून चाकरमानी येतात आणि ओटीवर बसून जांभया देतात, तर त्यांस तराफ्यावर घालून धामापुराखालच्या तरीच्या धक्क्यापासून देवबागेपर्यंत नदीने न्यावे, वाटेत मुलूख दाखवावा आणि लौकिक करावा.

हे वर्तमान ऐकून सावित्रीबाईंचे वडीलबंधू धोंडूराव, मुंबई गोदीचे हेडक्लार्क, फार हसले. त्यांचे खिशात गोदीतील नोकरीचे पत्र तयार होते, आणि भावोजींनी कचेरी सोडून मुंबईस यावे असा त्यांचा दोन वर्षे तगादा होता. भाईंस समुद्राची खारी हवा, कचेरीतली खिडकी आणि घरचे दोन माड सोडून जाणे प्राणांतिक वाटे, परंतु वडील मेहुण्यास नाही म्हणण्याची छाती नव्हती. मग करार जाहला. तराफ्याने नदीच्या अंगच्या ओघाने, दुसऱ्याची होडी न लावता, दिवस मावळण्यापूर्वी देवबाग गाठली तर पत्र फाडावे. न गाठली तर भाईंनी वळकटी बांधावी.

तयारी थोर जाहली. बांबू आणि पोफळीचे सोट सुंभाने आवळिले, खाली घासलेटाचे रिकामे डबे बांधिले, आणि वर चाकरमान्यांस चटई आणि धोंडूरावांसाठी आरामखुर्ची ठेविली. सुकाणू कुस्तोदियो तारी याजकडे, की ज्याच्या तीन पिढ्या त्याच तरीवर खपल्या. भाईंनी पंचांग काढून आठाचा शुभ मुहूर्त मुक्रर केला. त्याच पानावर वरचे ओळीत तिथी छापली होती, ती वाचावयाची राहिली.

कुस्तोदियोने अर्ज गुजारिला की काल पुनव झाली, आज भरतीचे पाणी एक वाजेपर्यंत नदीत वर चढेल, तरी जेवून निघावे. परंतु शेजारी धोंडूराव सोलाहॅट घालून उभे, आणि त्यांचेसमोर नावाड्याकडून अक्कल घेणे भाईंस कमीपणाचे वाटले. मग हुकूम जाहला की नदी समुद्रास मिळते हे तिसरीच्या भूगोलात छापले आहे, सबब तराफा सोडावा. कुस्तोदियोने छातीवर क्रूस काढिला आणि तराफा सोडिला.

तराफा निघाला तो हळूच वळला आणि उगमाकडे चालता जाहला. भाई खालचा मुलूख दाखवावयास उभे होते, ते वरचा मुलूख दाखवू लागले. जी झाडे डावीकडे सांगावयाची पाठ केली होती ती उजवीकडून आली, आणि मग मुळीच आली नाहीत. तरीवर गावची जानकी धुणे धूत होती. तिने निघताना हात जोडून निरोप दिला होता. भोवऱ्याने कुस्तोदियोचा बांबू हिसकला, तराफा काठाकाठाने मागे तरीखाली फिरला आणि घटकेने तिच्याच पुढून पुन्हा वर गेला, तेव्हा ती पिळा हातात तसाच धरून पुसती जाहली, "भाईनू, काय इसारलास?"

या एका बाणाने सेनापती घायाळ जाहले.

अकरा वाजले, ऊन तापले, देवबाग निघताना होती त्याहून दोन कोस लांब गेली. कुस्तोदियोने तराफा कांदळाच्या झाडास बांधिला. धोंडूराव खुर्चीतून उठले आणि बोलिले की पुरे जाहले, येथे उतरून बैलगाडी करू आणि पत्रावर सही करू. भाईंचे तोंडचे पाणी पळाले, तेवढे एक पाणी मात्र खाली गेले. इतक्यात कुस्तोदियो पाठीमागून कानी लागला.

"गाराणा घाला, भाईनू. गाराण्यातसून कोण उठना नाय. आणि पाणी फिरापर्यंत लांबवा."

मग भाईंनी नारळ पुढे ठेविला, डोईवर उपरणे घेतले आणि गाऱ्हाणे सुरू केले. बा देवा म्हाराजा म्हणून साद घातली, आणि तराफ्यावरून "व्हय म्हाराजा" उठले. त्यात मोठा आवाज कुस्तोदियोचा. भगवतीस बोलाविले, वेतोबास बोलाविले, पाणवठ्याचा, वडाखालचा, वेशीवरचा, कोणी वगळला नाही. अर्ध्या तासात दैवते सरली. मग जानकीची म्हैस, कचेरीचे गळके छप्पर आणि साहेबांचे गळू यांची निरवानिरव केली. पाणी अद्याप चढतच होते. मग धोंडूरावांच्या बढतीस हात घातला, त्यांच्या कैलासवासी आईचे नाव घेतले, आणि धोंडूरावांनी सोलाहॅट काढून मांडीवर ठेविली. बारा वर्षांत त्यांनी गाऱ्हाणे ऐकिले नव्हते. प्रत्येक "व्हय म्हाराजा" आता त्यांचाच पहिला येऊ लागला, आणि डोळ्यांस धारा.

एकास पाच मिनिटे उरली असता भाईंजवळ मागावयास काही राहिले नाही. मग जे दोन वर्षे पोटात होते तेच तोंडून निघाले.

"आणि बा देवा म्हाराजा, ह्या गुरुदासाक ह्या मुलखातसून हलवू नको रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" धोंडूराव गर्जले, आणि मग त्यांस उमगले की आपण काय बोलिलो.

तराफ्यावर कोणी हलेना. कांदळास बांधिलेले सुंभ तेवढे ढिले पडले, आणि मग दुसऱ्या बाजूने ताठ जाहले. कुस्तोदियोने गाठ सोडिली. कर्ली खाली चालली, तराफा जानकीपुढून तिसऱ्यांदा गेला, आणि या खेपेस जानकीने विचारिले नाही, फक्त मोजिले.

सूर्य हातभर वर असता देवबाग फत्ते जाहली, तेथे सावित्रीबाईंनी जेवणाची पाने मांडिली होती. धोंडूराव बोलिले की देवासमोर व्हय म्हटले ते फिरविता येत नाही, आणि नोकरीचे पत्र पसरून, पानातल्या तिसऱ्या खाऊन त्यांच्या रिकाम्या शिंपल्या त्यावर ठेवू लागले.

भात मात्र वाफाळत होता. भाईंस अचंबा वाटला, कारण बेत बारा वाजता पोचण्याचा होता. त्यांनी सावित्रीबाईंस एकीकडे घेऊन पुसिले.

"काल पुनव झाली," त्या वाढता वाढता म्हणाल्या. "पाणी एकाक भरता. मी भात चाराक चढयलंय."

"मग काल सांगूक नाय?"

"तुमी इचारलास खंय?"

येणेप्रमाणे स्वारी सिद्धीस गेली. फत्तेचे मानकरी चंद्र, कुस्तोदियो आणि सावित्रीबाई. गुरुदासभाई हे तराफ्यावर हजर होते, इतके दप्तरी दाखल असावे.