चषकाचा नट

"यंदा चषक पडला तर माझं नाव बदला!" रंगमंच सजवणाऱ्या कंपनीतल्या नव्या इंजिनिअरने छातीठोकपणे सांगून टाकलं.

गेल्या वर्षी 'देशाचा सर्वोत्तम खेळाडू' जाहीर होताच चषक टेबलावरून गडगडत थेट पहिल्या रांगेत गेला होता. साहेबांनी बजावलं होतं, "यंदा पडला, तर त्याच्या मागोमाग तुम्ही!" आणि गड्याची नोकरी अजून कच्ची!

त्याने चषकाचा गुरुत्वमध्य काढला, टेबलाला भोक पाडलं आणि खालून नट-बोल्ट असा आवळला, की भूकंप आला तरी चषकाने ढिम्म राहावं. सगळा विचार झाला होता. कुणीतरी तो चषक उचलणार आहे, एवढंच राहून गेलं होतं!

हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा विजेत्या वेटलिफ्टर ताई टाळ्यांच्या गजरात पायऱ्या चढत होत्या. पाना घेऊन तो पडद्यामागून रांगत टेबलक्लॉथखाली घुसला.

ताईंनी चषक ओढला. हलेना! पुन्हा ओढला. सभागृहात खसखस पिकली. वजनं उचलणाऱ्या बाईला चषक उचलेना!

"कोण आहे रे खाली?" ताई ओठ न हलवता म्हणाल्या.

"मी, ताई! नट सोडवतोय!"

"अहो, सगळा देश बघतोय!"

"मग तोवर भाषण करा ना!"

"भाषण? त्यापेक्षा हे सोपं!" म्हणत ताईंनी चषक धरला आणि टेबलासकट डोक्यावर नेला!

खाली मांडी घालून, हातात पाना घेतलेला इंजिनिअर देशाला दिसला. काहीच सुचेना, म्हणून तोही टाळ्या वाजवू लागला. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी! सगळ्यांना वाटलं, हे ठरवूनच केलंय.

"कल्पना माझीच," साहेब पत्रकारांना सांगत होते. मग याच्याकडे वळून म्हणाले, "नोकरी पक्की तुमची! दरवर्षी हेच करायचं."

"पण साहेब, विजेता कोण असेल—"

"ते तुम्ही बघू नका!"

पुढच्या वर्षी बुद्धिबळपटू जिंकला. अंगाने अगदी काडेपेटीतली काडी! त्याने चषक एकदा ओढून पाहिला. चष्मा वर सरकवला. मग इतका वेळ विचार केला, की टाळ्या वाजवून दमलेले लोक खाली बसले. शेवटी त्याने वाकून टेबलक्लॉथ उचलला आणि हळूच म्हणाला,

"पाना आणलाय ना? करा सुरू. मला काही घाई नाही."