उताणं पडायला शिकवणारे सिद्रामप्पा

आमच्या गल्लीत मुलगी पाहायला पाहुणे आले, की सगळे कुंडली, शिक्षण, शेती विचारत. शेजारचे सिद्रामप्पा मात्र बोलावणं नसताना येऊन बसत आणि मुलाच्या बापाला विचारत, "त्ये सगळं ऱ्हाऊ द्या. तुमच्या गावच्या विहिरीला पायऱ्या हायत का?"

नसल्या, तर स्थळ बाद! एकदा एक पाहुणा भाबडेपणानं म्हणाला, "आमच्याकडं नदी हाय की." झालं! "खोल किती? धार किती?" अप्पांनी त्याचे पोहे गार केले.

ही एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट. अप्पा मूळचे कानडी मुलखाकडच्या मैंदर्गीचे, सोलापुरात तेलाचं दुकान. रविवारी दुकानाला कुलूप ठोकून ते आम्हाला अक्कलकोट रस्त्यावरच्या एका मळ्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीत पोहायला न्यायचे. आम्हाला म्हणजे फक्त पोरींना! मुलगे रडले तरी घेत नसत. "घागर घिऊन पाण्यावर जातंय कोण? पोरी की! मग शिकायचं कुणी?" मग गल्लीतले बाप आपापल्या पोरी धाडू लागले.

आणि शिकवणं तरी काय? अंगात परकर-पोलकं तसंच, पाठीला वाळलेला भोपळा बांधायचा आणि पाण्यावर उताणं पडायचं. हातपाय झाडले, की कमरेएवढ्या पाण्यातून अप्पा गरजायचे, "मेल्यागत पड गं! मेल्यागत पडलीस तरच जगशील!" कुणी घाबरली, की हेच अप्पा हळूच कानडीत म्हणायचे, "हेदरबेडा, हेदरबेडा." भिऊ नको. पुढे पुढे आमचे भोपळे सुटले. गल्ली हसायची, "लोक पोहायला शिकवतात, हा झोपायला शिकवतोय." ओले परकर पिळताना आई तर अप्पांचा दर रविवारी उद्धार करायची.

मी दहा वर्षांची असताना उन्हाळ्यात नळ आटले. विहिरीवर घागर ओढताना माझा पाय घसरला आणि मी दोरासकट आत गेले. नाकातोंडात पाणी गेलं. जिवाच्या आकांतानं हातपाय मारावेसे वाटत होते. पण मारले नाहीत. उताणी पडले. वर बायका ओरडत होत्या, "गेली गं पोर!" मी आपली मेल्यागत पडून. एक माणूस दुसऱ्या दोराला धरून उतरेपर्यंत तशीच तरंगत राहिले.

संध्याकाळी आईनं मला अप्पांच्या पाया पडायला नेलं. वाटलं, आता हे मिशीला पीळ देऊन सगळ्या गल्लीला ऐकवणार. पण ते हातातलं तेलाचं मापटं ठेवून माझ्यासमोर खालीच बसले.

"यमे, आत लई अंधार होता का गं?"

"नाही अप्पा."

"काय दिसत हुतं?"

"वर आभाळ. गोल, एवढंसं."

त्यांच्या बायकोनं आईला हलकेच सांगितलं, "आमची लेक नीलव्वा मैंदर्गीच्या विहिरीत बुडून गेली. पाणी आणायला गेलती. हिच्याएवढीच हुती. बारा वर्सं झाली, ह्येंनी तिचं नाव काढलं न्हाय."

मला रडू फुटलं. अप्पांनी माझा हात घट्ट धरला.

"मग आमच्या नीलव्वालाबी आभाळ दिसलं असंल, व्हय गं?"

नीलव्वाला उताणं पडायला कुणी शिकवलं नव्हतं, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

"हो अप्पा," मी म्हटलं. "शेवटपर्यंत दिसलं असेल."