सत्तेचाळीस नंबर पाहिजे

आमच्या शेजारच्या भानुदासभाऊजींच्या फाटकावर पाटी आहे : ‘४७ नंबर पाहिजे.’ नवीन माणसाला वाटतं, आत मटका चालतो. एकदा एक जण खरंच आकडा लावायला आला. भाऊजींनी त्यालाही चहा पाजला आणि दोन तास बसवून क्रिकेटची कार्डं दाखवली. बिचारा पुन्हा आकड्याच्या वाटेला गेला नसेल.

ही कार्डं च्युइंगमच्या पाकिटात फुकट यायची. माझा प्रकाश शाळेत असताना गम थुंकून द्यायचा आणि कार्ड उशाखाली ठेवायचा. भाऊजी तेव्हा नागापूरला कारखान्यात होते. चांगला पगारी माणूस, पण पोरांशी भांडून कार्डांची अदलाबदल करायचा. पोरं मोठी झाली, भाऊजी कार्डांतच राहिले. आज घरात तीन पेट्या कार्डं आणि ते एकटे. बायको गेली, मुलगी अकोले तालुक्यात दिलेली, सणाला येते.

“थांबा वैनी, भाव येनार,” हे त्यांचं पालुपद.

“कसा येनार? आमच्या कांद्यावानी झालंय तुमचं. समद्यांनी लावला, समद्यांनी साठवला. आता कोन इचारतं?”

“कांदा सडतो, वैनी. कार्ड सडत न्हाई.”

“तेच तर वाईट. सडली असती तर कमी तरी झाली असती.”

मागे नगरहून एक व्यापारी आला. त्यानं पेट्या उघडल्या आणि दोन मिनिटांत बंद केल्या. “काका, कंपनीनं पोत्यानं छापली. घरोघरी पडून हायेत.” रद्दीवाल्यानंही हात लावला नाही. चकचकीत कागद, लगदा होत नाही म्हणे.

मी म्हटलं, “शिंगनापूरला बिनदाराच्या घरात ठेवा. शनिदेवाला राखायचीबी गरज न्हाई.”

भाऊजी हसले. “सत्तेचाळीस घावू द्या. सेट पुरा झाला की बघा.”

पाटी वाचून माणसं यायची, हे मात्र खरं. टक्कल पडलेले बाप्ये बिस्किटाच्या डब्यात कार्डं घेऊन यायचे. भाऊजी भिंग लावून एकेक बघायचे, मान हलवायचे, चहा टाकायचे. त्यांची दुपार जायची. दिवाळीनंतर मात्र कुणी फिरकलं नाही.

परवा माळा झाडताना प्रकाशचा जुना डबा सापडला. वरच सत्तेचाळीस! दाढीवाला विकेटकीपर. पदर खोचलेला, तशीच गेले. म्हटलं, एकदाची कटकट मिटवावी.

भाऊजींनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. खूश व्हायचं सोडून त्यांचा चेहराच पडला.

“कोपरा दुमडलाय, वैनी. चालनार न्हाई.”

“कुठं दुमडलाय?”

“तुमाला दिसनार न्हाई.” आणि चहा टाकायला आत गेले.

आतून ओरडले, “वैनी, भायेरच्या फडताळातला साखरेचा डबा आना.” मी डबा उचलला, तसा खालचा कागद सरकला. कागदाखाली दाढीवाला. एक नाही, रबर लावलेला गठ्ठाच. सगळ्यांचे कोपरे शाबूत.

मी कागद सरळ केला आणि साखर नेऊन दिली. चहा नेहमीसारखाच गोडमिट्ट होता. उठताना माझं कार्ड परत घेतलं.

“माळ्यावर आजून एक पिशवी हाय,” मी म्हटलं. “बघते उद्या. न्हाईतर परवा.”

“घाई न्हाई, वैनी,” भाऊजी म्हणाले. “एकेकच आना.”